चार बोटं खाली

१९७५ साली मी एकवीस वर्षांचा होतो. त्या साली लातुरात कमानीच्या कामात माझ्या तोडीचा हात एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस माझाच धाकटा भाऊ होता, माणिक, सतरा वर्षांचा. हे कागदावर यायला पन्नास वर्षं लागली. तोंडानं तर मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. शिक्षण माझं दुसरीपर्यंत. पुढची अक्षरं मला ट्रकांच्या पाठींनी शिकवली; मागच्या चाकाशी उकिडवा बसलो की फाळक्यावर रंगवलेलं डोळ्यासमोर यायचं, तेच लावून लावून वाचायला आलं. तेव्हा इथं कुठं काना-मात्रा चुकला असेल तर वाचणाऱ्यानं आपल्या मनानं नीट करून घ्यावा. काम मात्र माझं चुकत नव्हतं. एकदा चुकलं. तेच सांगायला बसलो आहे.

कमान म्हणजे गाडीच्या पोटाखाली, चाकाजवळ, पोलादी पाट्यांची जी चळत असते ती. लांब पाटा, त्याला चिकटून आखूड पाटा, मग आणखी आखूड, आणि सगळ्यांना मिळून धनुष्यासारखा बाक. बाक गेला की गाडी खाली बसते. बाक जास्त झाला की गाडी ढुंगण वर करून चालते. बाक द्यायचा आणि काढायचा, मोडका पाटा टाकून नवा घालायचा, हा आमचा धंदा. दुकान दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. औसा रोडला पत्र्याचं छप्पर, त्याखाली भट्टी, ऐरण आणि तेलाचा हौद, आणि मागं दोन खोल्या. तापलेला लाल पाटा तेलात बुडवला की भसकन धूर उठायचा आणि तो सरळ आक्काच्या चुलीकडं जायचा. तिच्या घरातल्या भाकरीलाही तेलाचा वास होता. पहिले चार दिवस तो वास खपत नाही. मग बाहेरची भाकरी आळणी लागायला लागते.

आई-बाप आमचे लवकर गेले. मी दहा वर्षांचा आणि माणिक सहाचा. चुलत्यांनी हदगावला माणिकला ठेवून घेतलं, लहान म्हणून, आणि मला आक्काकडं पाठवलं, हातापायानं दणकट म्हणून. तो शाळेत गेला, मी भट्टीपुढं बसलो. पंखा फिरवून फिरवून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झाला. अजूनही शर्ट एका बाजूला ओढतो. दिवाळीला माणिक यायचा, पांढऱ्या सदऱ्यात, कविता म्हणून दाखवायचा, आणि आक्का पदर तोंडाला लावून रडायची. माझ्याकडं बघून ती कधी रडली नाही. मी तिच्या डोळ्यांपुढंच होतो, मला काय बघायचं?

नववीत तो नापास झाला आणि चुलत्यांनी त्याला लातूरच्या गाडीत बसवून दिलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, आता ये. आता बघ भट्टी काय असते ती. पहिल्या आठवड्यात त्याच्या हाताला फोड आले, ते बघून मी मनात हसलो. दुसऱ्या महिन्यात फोड गेले. सहाव्या महिन्यात तो एका ट्रकखालून काढलेल्या कमानीचा पाटा तारेला टांगून त्यावर हातोडी मारून उभा राहिला, कान जवळ नेला आणि म्हणाला, "दाजी, ह्यो पाटा आतून चिरलाय." दाजींनी बघितलं, मी बघितलं, चीर कुठं दिसेना. दाजींनी पाटा घासला, रॉकेल लावून पुसला आणि खडूची भुकटी चोळली. केसासारखी एक काळी रेघ उमटली. दाजी माझ्याकडं वळून म्हणाले, "बाबू, असला कान देवानं द्यावा लागतो." दहा वर्षं मी त्यांचा उजवा हात होतो. पण देवानं दिलेलं काही माझ्यात सापडलं नव्हतं.

त्यानंतर मी बघायला लागलो. आक्का भाकरी कुणाच्या ताटात आधी टाकते ते बघायला लागलो. येसराची आमटी वाढताना पळी खालपर्यंत कुणासाठी जाते ते बघायला लागलो. खाली दाट असतं. शेंगदाण्याच्या चटणीवर करडईचं तेल सोडताना तिची धार माझ्या ताटावर चटकन तुटायची आणि माणिकच्या ताटावर जरा लांबायची. आता मी सत्तरी ओलांडली, सुना-नातवंडं वाढतात, आणि मला कळतं की तेलाची धार कुणी मोजून धरत नाही. तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं. आक्का भाकऱ्या थापायची आणि बाहेर घण पडायचा. माणिकच्या हातात घण असला की तिची थाप त्या ठेक्यावर जायची. माझ्या घणावर कधी जायची नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू रागानं मारतूस रे. त्येच्यावर भाकर फाटती."

त्या थंडीत दाजींनी नांदेडची गोष्ट काढली. देगलूर नाक्याला एक जागा मिळत होती. हैदराबादकडचे ट्रक तिथून जायचे, कमानी मोडायच्या आणि दुरुस्त करणारा भरवशाचा कारागीर जवळ नव्हता. दाजींचं वय झालेलं, दमा सुरू झालेला. ते जेवता जेवता म्हणाले, "दोघांतला एक तिथं जाईल. दुकान त्येचं, नाव त्येचं. दुसरा इथं माझ्याजवळ." आक्का म्हणाली, "आन कोण जाईल?" दाजी म्हणाले, "बघतो की. घाई कशाला?" घाई मला होती. नांदेडला माझ्या नावाची पाटी लागणार, मी ती स्वतः वाचणार, हे मला दिसायला लागलं होतं. थोरला मी. दहा वर्षं मी घातलेली. बघायचं काय त्यात? पण दाजी "बघतो" म्हणाले म्हणजे त्यांच्या मनात माणिक आहे, हे मी त्याच घासाला धरून टाकलं आणि पुढचा घास मला गेला नाही.

दोन दिवसांनी अप्पांची अँबॅसिडर आली. अप्पा म्हणजे उदगीरकडचे मोठे आडते, लातुरात घर, कपाळाला विभूती, बोलणं हळू. गाडी जुनी झालेली. मागच्या कमानी मरून गेल्या होत्या, म्हणून कुणीतरी दुसऱ्या मिस्त्रीनं त्यात ट्रकचे जादा पाटे कोंबून गाडी उचलून दिली होती. उचलली ती इतकी की मागून बघितलं तर गाडी कशाला तरी वाकून नमस्कार करतेय असं वाटावं. पोती घालायला ते ठीक होतं. पण अप्पांच्या आईला, अव्वांना, त्या गाडीत पाय टाकता येत नव्हता. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे गेलेले. वर्ष झालं, घराबाहेर पडल्या नव्हत्या. औशाला त्यांची नात बाळंत झाली होती आणि पणतू बघायचा म्हणून त्यांनी जेवण सोडायची धमकी दिली होती.

"मेलेल्या कमानी काढून टाका," अप्पा म्हणाले, "नव्या घाला, मऊ पाहिजेत. आन गाडी खाली घ्या. एवढी." त्यांनी बोटं जुळवून चार बोटं हवेत धरली.

आमच्या दुकानात टेप होता, पण दाजींचा भरवसा तुराटीवर. गिऱ्हाईकानं बोटांनी माप दाखवलं की त्याच बोटांना धरून तुरीची वाळकी काडी मोडायची. एका कामाला एकच काडी. दोन्ही कमानी त्याच काडीनं मापायच्या आणि गाडी पहिली फेरी नीट मारून आली की काडी भट्टीत टाकायची. गिऱ्हाईक समोर नसेल तेव्हा कारागिरानं आपली बोटं धरायची, आणि हा मान थोरल्या कारागिराचा. अप्पा बोटं दाखवून गाडीची किल्ली देऊन निघूनही गेले. मी तुराटी घ्यायला भिंतीकडं हात केला. तेवढ्यात दाजी म्हणाले, "माणक्या, तू मोड. अप्पाची बोटं तुझ्यासारखीच हायेत, बारीक. बाबूच्या पंजात चार बोटाची पाच हुतील."

ते हसले. माणिकही हसला. आज विचार केला तर दाजींचं शंभर टक्के बरोबर होतं. घण मारून माझी बोटं केळ्यासारखी झाली होती. पण माझा हात भिंतीकडं गेलेला होता आणि तो रिकामा परत आला, एवढंच मला दिसलं.

त्याच दुपारी दाजी नांदेडला गेले, जागेची बोलणी पुरी करायला. जाताना म्हणाले, "एक कमान तू कर, एक त्येला करू दे. परवा मी येतो. अप्पाची गाडी बघतो, मग नांदेडचं बोलू." म्हणजे ठरलं. कमानींवरच नांदेड होतं.

मी डावी घेतली, माणिकनं उजवी. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, जुन्या कमानी सोडवल्या. गंजानं पाटे एकमेकांना चिकटले होते, सोडवताना चॉकलेटी भुगा पडायचा. दिवसभर आम्ही शेजारी शेजारी काम केलं आणि लागेल तेवढंच बोललो. नवीन पाटे कापले, टोकं वळवून डोळे, म्हणजे कमान अडकवायची भोकं, केले, तापवून बाक दिला. कमानीच्या दोन टोकांच्या डोळ्यांत सुतळी ताणून बांधायची आणि सुतळीपासून पाट्यापर्यंत मधली खोली बघायची, की बाक कळतो. जुन्या बाकातून काडीएवढी खोली कमी करायची होती. माणिकनं आपली कमान मापली आणि काडी माझ्यापुढं धरली. "दादा, घ्या."

मी घेतली नाही. मी दुसरी तुराटी उचलली, माझ्या चार बोटांना धरून कट्कन मोडली आणि तीच लावली. तो बघत होता. मी त्याला बघू दिलं. कमान तेलातून काढून, पाटे बांधून झाल्यावर मी माझी काडी भट्टीत टाकली. माणिकनं त्याची काडी पत्र्याच्या फटीत खोचून ठेवली. संध्याकाळी मी हातपाय धुऊन आलो तर हा माझ्या कमानीपुढं बसलेला, सुतळी ताणून, त्याची काडी लावून.

"दादा," तो म्हणाला, "तुमची पाऊण इंच जास्त बसली. जोडी जमंना."

"तुझी जमव मग माझ्याला."

"अप्पानं दाखिवलं तेवढीच माझी बसली की. आता तापवून घेऊ पुन्हा, मी पंखा मारतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"अकरा वर्षं झाली मला," मी म्हणालो. "तू पाटीवर श्री काढत होता तवा मी ट्रकच्या कमानी बांधत होतो. नववी नापासानं मला काडी दाखवू नये."

त्याचं तोंड उतरलं. नापासचं मी कधी काढत नव्हतो; ते मी राखून ठेवलं होतं. आक्का दारात उभी होती. ती आत गेली. सकाळी आम्ही दोन्ही कमानी चढवल्या. पुढच्या बाजूला अँबॅसिडरला पाटे नसतात, पिळाची लांब सळई असते. ती सोडून जरा मागं फिरवली की नाक खाली येतं. ते माणिकनं केलं. गाडी खाली उतरवली तेव्हा ती डाव्या अंगावर किंचित रेललेली मला दिसली. मी गाडी पुढं घेतली आणि जिथं जमीन उजवीकडं उतरती होती तिथं लावली. तिथं ती सरळ दिसत होती.

परवा माझा नातू एक जुनी कार घेऊन आला. मुंगीसारखी रस्त्याला चिकटून चालते. "आबा, सस्पेन्शन खाली केलंय, लूक बघा," म्हणाला. एवढं खाली घालायला याच्या घरात गुडघे कुणाचे गेलेत, असं मी विचारणार होतो. ते राहिलं आणि मी दोन्ही बाजूंना बोटं लावून बघत बसलो. पोरगं हसलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. आता यंत्रानं मापतात म्हणे.

त्या दुपारी दाजी नांदेडहून आले, आणि ते हातपाय धुवत होते तेवढ्यात अप्पा अव्वांना घेऊन आलेच. दोघांच्या आधारानं रिक्षातून उतरून अव्वा गाडीजवळ आल्या. इरकली लुगडं, हातात रुद्राक्ष, तोंडात दात नाहीत. त्यांनी गाडीचा उंबरा नजरेनं मापला आणि पाय उचलला. "निधान रे, निधान," असं स्वतःलाच सांगत, जसं आपण लहान पोराला सावकाश म्हणतो तसं, त्या आत जाऊन बसल्या. पाट नाही, स्टूल नाही, कुणाचा हात नाही. बसल्यावर त्यांनी सीटवर हात फिरवला आणि बोळक्या तोंडानं हसल्या. "कुणी केलं रे हे?" दाजींनी आम्हा दोघांकडं हात केला. त्यांचं समाधान चेहऱ्यावर मावत नव्हतं. मी त्या हाताकडं बघून त्याचं बोट नेमकं कुणाकडं आहे ते ताडत होतो.

दाजींची रीत होती की पहिल्या फेरीला कारागिरांनी गाडीत बसायचं. माणिक पुढं अप्पांच्या शेजारी बसला. अव्वा मागं डावीकडं, दाराजवळ, आणि मी त्यांच्या बाजूला. म्हणजे माझ्या कमानीवर दोन माणसं. शहर मागं पडेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. अव्वा मला विचारत होत्या, लग्न झालं का, कुणाचा तू, आई आहे का. आई नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी हाय की." मग एका वळणाला खालून घर्र आवाज आला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा आला, जास्त लांब. डावं चाक वरच्या पत्र्याला घासत होतं. अर्ध्या वाटेवर जळलेल्या रबराचा वास आत आला आणि अप्पांनी गाडी थांबवली.

अव्वांना उतरवून रस्त्याकडच्या पुलाच्या कठड्यावर बसवलं. अप्पा वाकून चाकाकडं बघत राहिले, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. औसा तेवढंच लांब होतं जेवढं लातूर. अव्वांनी विचारलं, "पोचलाव का?" मग अप्पांच्या वाकलेल्या पाठीकडं बघून त्यांनी स्वतःच मान हलवली. "ऱ्हाऊ दे. पोरगं काय, मोठं झाल्यावर बी बघंन," म्हणाल्या. ऐंशी वर्षांची बाई. मी कठड्याच्या दगडाकडं बघत उभा होतो.

भार कमी केला तर चाक घासत नव्हतं, पण औशाकडचा पुढचा रस्ता सगळा खड्ड्यांचा होता. म्हणून अव्वांना उजवीकडं बसवून अप्पा सावकाश लातूरकडं परतले आणि आम्ही दोघं भाऊ चालत निघालो. दोन-अडीच कोस असेल. पौषातलं ऊन, मऊ, पण डोळ्यात जाणारं. मी वाट बघत होतो की हा आता म्हणेल, मी सांगितलं होतं. त्याऐवजी एका शेताच्या कडेला त्यानं मालकाला हाक मारून हरभऱ्याचे दोन ढाळे मागून घेतले, मोठा मला दिला. मी घेतला नाही. तो दोन्ही काखेत धरून एकेक घाटा सोलून खात चालला.

थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "दादा, नांदेडला गोदावरी लई मोठी हाय."

मला वाटलं, झालं, हा मनानं जाऊन पोहोचलासुद्धा. बरोबरच होतं त्याचं. दाजी आता कमान मापणार, माझी धरणार, आणि नांदेड त्याचं. "मग जा की पोहायला," मी म्हणालो. तो पुढं बोलला नाही. तो बोलला नाही याचाही मला राग आला. माझा भाऊ माझ्याशी भांडतसुद्धा नाही, म्हणजे मला भांडण्याइतकाही समजत नाही, असं माझं गणित चाललेलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी ठोकळ्यांवर होती आणि डावी कमान जमिनीवर. उजवी दाजींनी गाडीखालीच राहू दिली होती. काडी लावून बघितली होती आणि ती बरोबर होती. डावीपुढं ते मांडी घालून बसले होते, हातात माणिकची तुराटी. दम लागलेला. अप्पा अव्वांना घेऊन घरी गेले होते.

"ही कुणी बांधली?"

आमच्याकडं प्रत्येक कारागिरानं लांब पाट्याच्या आतल्या अंगाला पंचानं टिंब ठोकायची रीत. माझं एक टिंब, माणिकची दोन. ग्रीस पुसून पाटे सुटे केले की दिसतं. मला वाटलं, पुसतील आता. मी तोंड उघडलं होतं, हे मी देवाशपथ लिहितो. पण तोंडातून शब्द निघायच्या आत शेजारून आवाज आला.

"मी, दाजी."

दाजींनी त्याच्याकडं बघितलं, मग काडीकडं. "काडी तू मोडलीस, आन तूच चुकलास?"

"घाईत काडी लावलो न्हाई. अंदाजानं केलो."

"अंदाजानं!" दाजी उठले. त्यांना उठायला हात लागायचा, त्या दिवशी एकटे उठले. माणिकच्या मुस्काटात त्यांनी एकच मारली, पण अशी की ढाळे काखेतून खाली पडले. "म्हातारी वर्षानं घराबाहेर पडली हुती! कान देवानं दिला म्हनून हातबी देवाचा झाला व्हय रे? आता ऱ्हा माझ्या डोळ्याम्होरं. नांदेडला बाबू जाईल. उद्याच्या गाडीनं. ही कमान मी सोत्ता सोडवितो सकाळी, पाटा न् पाटा सुटा करून."

मला नांदेड मिळालं. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं मिळालं, माझ्या धाकट्या भावानं मला वाढून दिल्यासारखं. तुम्ही म्हणाल, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. हो. पण त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो: हा माझ्यापेक्षा चांगला कारागीर आहे हे मी कसंतरी सोसलं असतं, हा माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे, हे मला सोसवेना. आणि मी बोललो असतो तर ते सगळ्यांना कळलं असतं. मी गप्प राहिलो आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत राहिलं. आमच्या दोघांत आजतागायत हा विषय निघालेला नाही. लग्नाकार्यात भेटतो. तो माझ्या पाया पडतो आणि मी पडू देतो.

त्या दिवशी जेवायला आक्कानं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. माणिकचा गाल सुजला होता, तो एका बाजूनं चावत होता. आक्कानं माझ्या ताटात पहिली भाकरी टाकली, आणि भरितावर तेल सोडलं. धार लांबली. तुटेचना. ताटाच्या कडेपर्यंत तेल आलं तरी ती ओतत होती, माझ्याकडं बघत. मग म्हणाली, "खा. आता तरी पोट भरंल तुजं." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सगळं खाल्लं. मागूनही घेतलं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. आक्कानं दशम्या बांधून ठेवल्या होत्या, माझी पिशवी भिंतीला टेकून होती. नांदेडची गाडी सातला. बाहेर गार होतं, भट्टीची राख पांढरी पडलेली. डावी कमान दाजींनी ठेवली तिथंच होती. मी तिचा बोल्ट सैल केला, लांब पाटा उलटा केला आणि बोटानं ग्रीस पुसलं. माझं एक टिंब होतं. दाजी तासाभरात उठणार होते. मी पंच घेतला, टिंबाच्या शेजारी दाण्याएवढं अंतर सोडून टेकवला आणि हातोडीचा एक घाव घातला. दोन टिंबं झाली, माणिकची खूण. त्यावर परत ग्रीस फासलं, बोल्ट आवळला, चिंधीला हात पुसले, पिशवी उचलली आणि कुणाला न उठवता स्टँडवर जाऊन गाडीत बसलो. अहमदपूर मागं पडल्यावर माझ्या ध्यानात आलं की उजवीवरही दोनच टिंबं आहेत. अप्पांच्या त्या गाडीखाली आता दोन कमानी असणार होत्या, आणि दोन्ही माणिकच्या.